कायद्याचे प्राध्यापक बाबासाहेब आणि त्यांचे छंद

रमाबाई आंबेडकर २७ मे १९३५ रोजी मुंबईतल्या राजगृह या घरी वारल्या. त्यानंतर काही दिवसांतच, जूनच्या पहिल्या आठवड्यात, त्यांचे पती मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. घरात असे दुःख असताना त्यांनी हाती घेतलेले हे साधे पद नव्हते. १८५५ साली सुरू झालेले हे महाविद्यालय आशियातले सर्वांत जुने विधी महाविद्यालय मानले जाते. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे इंग्रज मुख्य न्यायाधीश सर एर्स्किन पेरी यांच्या नावाने तिथे न्यायशास्त्राचे अध्यासन होते आणि प्राचार्यपदाबरोबर बाबासाहेब पेरी प्रोफेसरही झाले. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला तर दिवसभर तहानलेले राहावे लागे, तोच आता प्रांतातल्या वकिलांच्या नव्या पिढ्यांना कायदा म्हणजे काय ते शिकवणार होता.

घटनाकार, महाडचे आणि नागपूरचे बाबासाहेब आपल्या तालुक्यातल्या पिशोरपासून परदेशापर्यंत सर्वांना माहीत आहेत. वर्गात उभे राहून न्यायशास्त्र समजावणारे बाबासाहेब मात्र फारसे कोणी सांगत नाही. पुस्तकांवर जीव टाकणारे, बाग लावणारे, स्वयंपाकघरात शिरणारे आणि साठीच्या उंबरठ्यावर व्हायोलिन शिकायला बसणारे बाबासाहेब तर त्याहून कमी. कन्नड तालुक्यातल्या वाचकाला हे ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते, कारण या कहाणीचे काही फार महत्त्वाचे प्रसंग आपल्या आसपासच घडले आहेत. एक घाटाखाली चाळीसगावला घडला, एक दौलताबादच्या पायथ्याशी, आणि शेवटचा औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनात.

त्यांची शिक्षकी पेशाची सुरुवात कायद्याने झाली नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिगमन आणि जॉन ड्युई यांच्या हाताखाली शिकून आलेला हा तरुण इतक्या तयारीने शिकवी, की इतर महाविद्यालयांतले विद्यार्थीही परवानगी काढून त्याच्या तासाला येऊन बसत. त्याच वेळी प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्याने हात लावू नये, अशी काही सहकाऱ्यांची हरकत होती. वर्गात मान आणि वर्गाबाहेर पाण्याचे भांडेही वेगळे, असे हे दुहेरी आयुष्य होते. पुढची तीस वर्षे ते कुठल्या ना कुठल्या रूपात चालू राहिले.

मार्च १९२० मध्ये ती नोकरी सोडून, साठवलेले पैसे आणि थोडी मदत घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथे त्यांचे दोन अभ्यास एकाच वेळी चालू होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा कायदा. १९२१ साली एम. एस्सी. मिळाली, १९२२ साली ते बॅरिस्टर झाले, आणि रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला १९२३ साली डी. एस्सी. मिळाली. परीक्षकांना प्रबंधाचा पहिला खर्डा पटला नव्हता, तो दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागला. त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांना त्यातले सगळे विचार मान्य नव्हते, तरी त्यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. असा गुरू मिळणे हेही भाग्यच. मधल्या काळात जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात शिकण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. लंडनमध्ये प्रिमरोज हिल भागात किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या १० क्रमांकाच्या घरात ते राहत, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन तिथे स्मारक केले आहे.

मुंबईला परतल्यावर १९२३ च्या पावसाळ्यात त्यांनी उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. सनद होती, पदव्या होत्या, पण अशील सहजी येत नव्हते, कारण सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम देत नसत. घर चालवण्यासाठी जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायद्याचे तास घेतले. करार, भागीदारी, हुंडी अशा कोरड्या वाटणाऱ्या विषयांनीच कायद्याचे शिक्षक म्हणून त्यांची उमेदवारी झाली. जून १९२८ मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढच्या मार्चपर्यंत तिथे शिकवले. त्याच्या आधी सहाच महिने, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. ज्या ग्रंथाने कित्येक शतके हिंदूंचा कायदा ठरवला तो जाळून आलेला माणूस आता सरकारी वर्गात कायदा शिकवत होता.

याच महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी, १९१७ ते १९२३ या काळात, आणखी एक थोर मराठी माणूस कायदा शिकवत असे. ते म्हणजे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. वकिली सांभाळून काण्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला. पहिला खंड १९३० साली आला, शेवटचा १९६२ साली, आणि सगळ्यांची मिळून साडेसहा हजारांवर पाने झाली. एकाच संस्थेतल्या दोन प्राध्यापकांपैकी एकाने स्मृतींचा इतिहास आयुष्यभर पानापानाने लावला आणि दुसऱ्याने त्याच स्मृतींच्या जागी नवा कायदा उभा करायला आयुष्य वाहिले. काण्यांना भारतरत्न १९६३ साली मिळाले, बाबासाहेबांना मरणोत्तर १९९० साली. दोघांचे मार्ग वेगळे होते, पण मूळ ग्रंथ स्वतः वाचल्याशिवाय बोलायचे नाही, ही शिस्त दोघांचीही सारखीच होती.

बाबासाहेब कसे शिकवत याचा सज्जड पुरावा त्यांच्या कागदांत आहे. इंग्लिश राज्यघटनेवरची त्यांची व्याख्याने प्रसिद्ध आहेत. प्रा. डायसींचा जाडजूड ग्रंथ विद्यार्थ्यांना जड जाई, म्हणून त्यांनी तो विषय नव्याने मांडून सोपा केला. त्याशिवाय विश्वस्त व्यवस्था, मुदतीचा कायदा, मालमत्तेचे हस्तांतर, पुरावा अशा विषयांवरची त्यांची टिपणे शासनाने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात आहेत. ही टिपणे वाचताना एक गोष्ट जाणवते. ते आधी कलम सांगत नाहीत. आधी प्रश्न मांडतात, मग त्याचे घटक वेगळे करतात, आणि मग कलम कुठे बसते ते दाखवतात. पुढे ऑगस्ट १९४७ मध्ये मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तेव्हा घटना परिषदेत शेकडो दुरुस्त्यांना उत्तर देताना त्यांनी हीच रीत वापरली. ते सभागृह त्यांच्यासाठी जणू मोठा वर्गच होता.

कॉलेजच्या नियतकालिकाच्या जानेवारी १९३६ च्या अंकात कायद्याच्या शिक्षणात सुधारणा कशी व्हावी यावर त्यांचा लेख आहे. केवळ कायदा शिकून चांगला वकील होत नाही, त्याला इतर पूरक विषयांचेही ज्ञान लागते, असा त्यांचा आग्रह होता. लॉ कॉलेज ही वकिलीचा परवाना काढून देणारी जागा होऊन बसली तर काय होते, ते त्यांना तेव्हाच दिसत होते. हा लेख आजही प्रत्येक विधी महाविद्यालयाने प्रवेशाच्या दिवशी मुलांच्या हाती द्यावा, इतका ताजा आहे.

प्राचार्यपदाची ती तीन वर्षे कशी गेली असतील याचा विचार केला की मन थक्क होते. पद स्वीकारले त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला त्यांनी येवल्याला घोषणा केली, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. १९३६ साली जातिसंस्थेच्या विध्वंसनावरचे, न झालेले भाषण पुस्तकरूपाने आले आणि ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३७ साली ते मुंबईच्या विधिमंडळात निवडून गेले आणि सप्टेंबरात खोती बंद करण्याचे विधेयक मांडले. आणि १७ मार्च १९३७ रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या खटल्याचा उच्च न्यायालयात निकाल लागला. या खटल्यात सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य स्वतः प्रतिवादी होते. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची प्रथा अनादि असल्याचे सिद्ध होत नाही, असे न्या. ब्रूमफील्ड यांनी म्हटले आणि तळे सर्वांना खुले राहिले. हे तेच ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. कायद्याच्या विद्यार्थ्यांना एखादा खटला शिकवायचा झाला, तर त्यांच्या प्राचार्यांइतका जिवंत दाखला दुसरा मिळाला नसता. मे १९३८ मध्ये त्यांनी प्राचार्यपद सोडले.

आता आपल्या भागातले दोन प्रसंग. दोन्ही त्यांनी स्वतःच्या आठवणींच्या एका छोट्या इंग्रजी पुस्तिकेत लिहून ठेवले आहेत. तिचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’.

१९२९ साली, लॉ कॉलेजमधले शिकवणे संपल्यावर काही महिन्यांनी, अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून ते खानदेशात होते. परतताना चाळीसगावच्या अस्पृश्य वस्तीतल्या लोकांनी त्यांना रात्री मुक्कामाला थांबवून घेतले. स्टेशनपासून वस्तीवर न्यायला टांगा हवा होता, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, टांगेवाला नाही. वस्तीतल्याच एकाने तो हाकायला घेतला. त्याने कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक अडखळले, घोडा बिथरला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. बॅरिस्टरपेक्षा टांगेवाल्याची प्रतिष्ठा मोठी मानणारा समाज त्या दिवशी त्यांना दिसला, असे ते लिहितात. कन्नडहून औट्रम घाट उतरला की जे चाळीसगाव लागते, तेच हे चाळीसगाव.

दुसरा प्रसंग १९३४ चा. चळवळीतल्या सहकाऱ्यांबरोबर, सुमारे तीस जणांनी मिळून, ते वेरूळची लेणी बघायला निघाले. आपण कोण आहोत याची वाच्यता करायची नाही, असे ठरले होते, कारण वाटेत अडचण नको होती. औरंगाबादला जाताना दौलताबादचा किल्ला लागला. अंगावर धूळ भरली होती, म्हणून सगळ्यांनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या तळ्यावर हातपाय धुतले. आत जायला निघाले तोच मागून आरडाओरड झाली, की यांनी तळे बाटवले. रमजानचा महिना होता, आणि गर्दी करणारे लोक मुसलमान होते. तुमचा धर्म हे शिकवतो का आणि आमच्यापैकी कोणी मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्यापासून अडवाल का, असे बाबासाहेबांनी त्यांना विचारले. उत्तर कोणाकडे नव्हते. अखेर किल्ला पाहू दिला, पण आत कुठल्या पाण्याला शिवू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला. तीन वर्षांनी ज्याच्या नावाने चवदार तळ्याचा निकाल लागणार होता, त्याला आपल्या जिल्ह्यात पाण्यावर असा पहारा सहन करावा लागला. किल्ला पाहायला जाणाऱ्या प्रत्येक शाळेच्या सहलीत हा प्रसंग मुलांना सांगायलाच हवा.

हा माणूस सहलीला निघाला होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. लेणी, शिल्पे, जुन्या वास्तू यांची त्यांना मनापासून ओढ होती. आमच्या तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांपासून अजिंठ्यापर्यंत ज्या कलेच्या सावलीत आपण वाढतो, तिच्यामागचा विचार त्यांनी पुढे आयुष्याचा केंद्रबिंदू केला.

त्यांचा सर्वांत मोठा छंद मात्र पुस्तके. न्यूयॉर्कमध्ये शिकताना जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले होते. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपून लंडनहून परतताना ग्रंथ वेगळ्या जहाजाने पाठवले, आणि महायुद्ध चालू असल्याने जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवले. एवढा घाव सोसूनही हा छंद थांबला नाही. गोलमेज परिषदांना गेले तेव्हा भाषणांच्या गडबडीतही लंडनच्या पुस्तकांच्या दुकानांत त्यांची फेरी चुकली नाही. मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी घर बांधले, त्याला प्राचीन मगधाच्या राजधानीचे, राजगृहाचे नाव दिले. घराची आखणी करताना ग्रंथांची जागा आधी ठरली. तिथे पन्नास हजारांच्या आसपास ग्रंथ होते असे सांगितले जाते. खासगी मालकीचा एवढा संग्रह त्या काळात क्वचितच कोणाकडे असेल. पुस्तक ते सहसा कोणाला बाहेर नेऊ देत नसत. ज्याच्याशी इतके बोलणे व्हायचे, ते हाताबाहेर कसे जाऊ देणार?

पेनांचीही त्यांना आवड होती. चांगली जाडजूड फाउंटन पेने ते जमवत. कपड्यांच्या बाबतीत ते चोखंदळ होते, आणि त्याला केवळ हौस म्हणून भागत नाही. ज्यांच्या समाजाला शतकानुशतके नेसायचे कसे हेही इतरांनी ठरवून दिले होते, त्या समाजाच्या माणसाने नीटनेटका सूट घालून उभे राहणे ही स्वतःच एक घोषणा होती.

दिल्लीत मंत्री म्हणून राहायला गेल्यावर बंगल्याभोवतीची बाग हा त्यांचा विरंगुळा झाला. झाडे कुठली लावायची, कुठे लावायची, यात ते स्वतः लक्ष घालत. कुत्र्यांचा लळा होता. हाताने स्वयंपाक करून मित्रांना जेवायला घालण्यात त्यांना अभिमान वाटे. चित्रकलेचेही धडे त्यांनी घेतले. आणि व्हायोलिन! तब्येत खालावलेली, मधुमेह जडलेला, पाय दुखणारे, दृष्टी मंदावत चाललेली, अशा वयात त्यांनी व्हायोलिन शिकण्यासाठी शिक्षक ठेवला आणि नवख्या विद्यार्थ्यासारखे सूर घोटले. त्यांच्या दुसऱ्या पत्नी माईसाहेब आंबेडकरांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ या आठवणींत घरातले बाबासाहेब मनमोकळेपणाने उभे केले आहेत. हा छंदी, हळवा, हट्टी माणूस ज्यांना ओळखायचा असेल त्यांनी ते पुस्तक जरूर वाचावे.

या सर्व छंदांत मला एकच धागा दिसतो. दुसऱ्याने केलेले पाहून त्यांचे समाधान होत नसे. बाग असो की वाद्य, विषय पायापासून शिकायचा, शिक्षक करायचा, ग्रंथ आणायचे, आणि मग हाताने करून बघायचे. कायदा त्यांनी असाच शिकला होता, पाली भाषाही अशीच.

आणि या सगळ्या आवडी एकत्र आल्या त्या औरंगाबादला. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. मग त्यांनी मराठवाड्याकडे मोर्चा वळवला. नुकतीच सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या राजवटीतून हा प्रदेश मुक्त झाला होता. उच्च शिक्षणाची सोय फार तोकडी होती, आणि विद्यापीठ म्हणजे दूरचे उस्मानिया. जून १९५० मध्ये औरंगाबादला त्यांचे महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. दिल्लीत कायद्याची वाट अडली, पण औरंगाबादेत पायाभरणी झालेली होती.

महाविद्यालयाला नाव मिळाले मिलिंद. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणारा ग्रीक वंशाचा राजा. भिक्षू नागसेनाला त्याने प्रश्नावर प्रश्न विचारले, उत्तरे पटेपर्यंत सोडले नाही, आणि पटल्यावर हार मान्य केली. त्या भिक्षूच्या नावाने परिसर झाला नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव महाविद्यालयाला देणे आणि उत्तर देणाऱ्या गुरूचे नाव भोवतीच्या जमिनीला देणे, ही कल्पना जन्मजात शिक्षकालाच सुचू शकते. बांधकामावर आणि झाडांच्या लागवडीवर त्यांचे जातीने लक्ष होते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखी माणसे त्यांनी तिथे आणली, आणि चिटणीसांच्या ‘युगयात्रा’ नाटकाने दलित रंगभूमीची वाट मोकळी केली. पुढे गंगाधर पानतावणे, म. ना. वानखडे अशा प्राध्यापकांच्या पिढीने इथूनच मराठी दलित साहित्याला बळ दिले, आणि पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ औरंगाबादहूनच निघाले.

मुंबईत १९५६ साली सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले. कायदा शिकवण्याचे काम त्यांनी अशा रीतीने संस्थेच्या हाती सोपवले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला दिल्लीत २६ अलीपूर रोडवरच्या घरी त्यांचे निधन झाले. आदल्या रात्रीपर्यंत ते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करत होते.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. दीर्घ आणि रक्तरंजित नामांतराच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला त्यांचे नाव मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ साली औरंगाबादेत आले, आणि २०१७ साली तिथेच महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झाले. पिशोर, नाचनवेल, चिंचोली लिंबाजीच्या मुलामुलींना कायदा शिकायचा तर आता मुंबईला जावे लागत नाही. कापूस, मका आणि अद्रकाच्या शेतातून शिकायला निघालेल्या या मुलांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ एकदा तरी वाचावे. पुस्तिका छोटी आहे आणि त्याच बाराव्या खंडात, कायद्याच्या टिपणांच्या सोबतीला आहे. शाळेच्या ग्रंथालयात हा खंड नसेल, तर मुख्याध्यापकांनी आणि ग्रामपंचायतीने तो मागवावा.